घरातल्या बाईचं रक्त कधी तपासलं? महाराष्ट्र, एचआयव्ही आणि स्त्रियांचं आरोग्य

(पिंप्राळा, जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज समोर बायका जास्त दिसताहेत, मागे उभी असलेली तरुण पोरंही दिसताहेत. पोरांनो, पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. विषय बायकांचा असला तरी तो तुम्हाला सोडून सांगता येत नाही.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही डॉक्टर नाही, इतिहासाची माणसं आहोत. इतिहास म्हटलं की लोकांना शिवकाल, फार झालं तर फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन आठवतं. पण चाळीस वर्षांपूर्वी सुरू झालेला एक आजार, त्याची सरकारी कागदपत्रं, त्यावरचे अभ्यास, कोर्टाचे निकाल, हाही इतिहासच आहे. आणि त्यातला निम्मा इतिहास स्वयंपाकघरात घडला म्हणून कुणी लिहिला नाही.

पिंप्राळ्यात हा विषय का? तुमचं गाव आता जळगाव शहरातच आलंय. आषाढी एकादशीचा रथ निघाला की ते पुन्हा गाव होतं, एवढंच. इथून सुरतेची रेल्वे जाते. शेजारून जुना सहा नंबरचा हायवे जातो, ज्याला आता त्रेपन्न म्हणतात. सुरत, धुळे, जळगाव, नागपूर, थेट कोलकाता. धुळ्याला त्याला मुंबई-आग्रा रोड छेदतो. खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या कामाला सुरतेला गेली. रावेर-यावलची केळी ट्रकमधून उत्तरेला गेली. म्हणजे घरातला माणूस महिनोन्‌महिने बाहेर आणि बाई घरी, हे चित्र इथे नवीन नाही. १९९० नंतर सरकारला एचआयव्हीची काळजी वाटायला लागली तेव्हा सगळ्यांची नजर हायवेवर गेली. ट्रक ड्रायव्हर, क्लीनर, ढाबे. पुढे ट्रकवाल्यांसाठी हायवेवर 'खुशी' नावाचे दवाखाने निघाले, निरोधची पाकिटं वाटली गेली. ते काम चांगलंच होतं, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण ट्रक शेवटी कुठे जातो? घरी जातो. घराच्या दारात जाऊन कुणी काही विचारलं नाही.

जरा मागे जाऊ. ५ जून १९८१ ला अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुण पुरुषांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापली गेली. तिथून हा आजार जगाला कळला आणि तो पुरुषांचा आजार म्हणूनच कळला. याचा परिणाम फार खोल गेला. एड्स कशाला म्हणायचं, याची जी व्याख्या अमेरिकेत ठरली ती पुरुषांच्या अंगावर दिसणाऱ्या लक्षणांवरून ठरली. बायकांना जे व्हायचं, म्हणजे पुन्हा पुन्हा होणारा अंगावरून जाण्याचा त्रास, ओटीपोटातली सूज, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, ते त्या यादीत नव्हतं. यादीत नाही म्हणजे एड्स नाही, आणि एड्स नाही म्हणजे औषध नाही, सरकारी मदत नाही. तिथल्या बायकांनी मोर्चे काढले. त्यांचं म्हणणं साधं होतं की आम्ही मरतोय त्याच आजाराने, फक्त तुमच्या कागदावर ते येत नाही. १९९३ च्या जानेवारीपासून गर्भाशयाच्या मुखाचा पसरलेला कॅन्सर त्या यादीत आला. आजार माहीत झाल्यापासून साडेअकरा वर्षांनी. हा कॅन्सर लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आपल्या देशात १९८६ साली चेन्नईत पहिली लागण सापडली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी सुधारगृहात ठेवलेल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांचं रक्त जमवलं, ते वेल्लोरला तपासलं आणि सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. शास्त्र म्हणून ते मोठं काम होतं. पण इतिहास म्हणून पाहिलं तर दोन गोष्टी खटकतात. ज्या बायकांचं रक्त घेतलं त्या कोंडलेल्या होत्या, त्यांना नाही म्हणायची सोय किती असणार? आणि दुसरं, त्या दिवसापासून आपल्याकडे एचआयव्हीला एक चेहरा मिळाला, तो 'तसल्या बाईचा'. अमेरिकेत बाई यादीत नव्हती, आपल्याकडे यादीत एकटी बाईच होती. पुरुष दोन्हीकडे सुटला म्हणा ना! (हशा)

आता आम्ही आजच्या व्याख्यानाच्या खऱ्या गाभ्याशी येतो. पुण्याजवळ भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांनी मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या ५२५ वेश्याव्यवसायातल्या होत्या. त्यांच्यात जवळपास निम्म्या, ४९.९ टक्के, पॉझिटिव्ह होत्या. हे सगळ्यांना अपेक्षितच होतं. उरलेल्या ३९१ बायका त्या व्यवसायातल्या नव्हत्या. बहुतेक लग्न झालेल्या, घरसंसार करणाऱ्या, आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष न पाहिलेल्या. त्यांच्यात १३.६ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या. हिशोब केला तर सुमारे ५३ जणी. हा अभ्यास १९९७ साली अमेरिकेच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्याचे मुख्य लेखक डॉ. रमण गंगाखेडकर. करोनाच्या काळात टीव्हीवर रोज संध्याकाळी दिल्लीहून माहिती सांगणारे गंगाखेडकर, तेच हे.

इथे एक सावधगिरी. या बायका आधीच आजारी म्हणून गुप्तरोगाच्या दवाखान्यात आल्या होत्या. त्यामुळे महाराष्ट्रातल्या शंभर गृहिणींपैकी तेरा-चौदा पॉझिटिव्ह, असा अर्थ कुणी काढू नये. तसं कधीच नव्हतं. पण अभ्यासाने जे दाखवलं ते आकड्यापेक्षा मोठं होतं. या बायकांचं स्वतःचं वागणं तपासून काही उपयोग नव्हता, कारण त्यांच्या वागण्यात धोका नव्हताच. धोका नवऱ्याच्या आजारात होता. म्हणजे 'एकनिष्ठ राहा, सुरक्षित राहा' हे जे भिंतींवर रंगवलं जात होतं, ते या बायका लग्नाच्या दिवसापासून पाळत होत्या.

मग त्यांनी निरोध का वापरला नाही, असं कुणी शहाणा विचारेल. इथे आपल्या महाराष्ट्राची एक खास गंमत आहे, गंमत कसली, अडचणच. निरोध देशात १९६८ साली आला तो कुटुंबनियोजनासाठी. आणि आपल्याकडे कुटुंबनियोजन म्हणजे बाईचं ऑपरेशन. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं असतं, तेही दोन-तीन मुलं झाली की पंचविशीच्या आसपास. ऑपरेशन झालेल्या बाईने नवऱ्याला 'निरोध वापरा' म्हणायचं, तर कोणत्या तोंडाने? मूल तर होणार नाही. मग तिचा संशय त्याच्यावर आहे, किंवा त्याचा तिच्यावर यायला हवा. लोकसंख्या आटोक्यात आणायची जी पद्धत आपण यशस्वी म्हणून मिरवली, तिनेच बाईच्या हातातलं एकमेव कारण काढून घेतलं. हे कुणी मुद्दाम केलं नाही. पण झालं.

याच्या उलट सांगलीला पाहा. तिथे मीना शेषू यांनी १९९२ साली 'संग्राम' ही संस्था सुरू केली. वेश्यावस्तीतल्या बायकांनी स्वतःच एकमेकींना निरोध वाटायला, गिऱ्हाईकाला नाही म्हणायला शिकवलं. पुढे १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, 'वॅम्प'. जिला समाज सगळ्यात खालची समजत होता ती बाई गिऱ्हाईकाला म्हणू शकत होती की वापरायचा असेल तर थांब, नाहीतर चालता हो. आणि इथली सून, मंगळसूत्र घातलेली, ती हे म्हणू शकत नव्हती. पुढे संग्रामला गावातल्या घरगुती बायकांमध्येही काम सुरू करावं लागलं. त्यावरून काय ते समजा.

शरीराचंही थोडं सांगायला हवं. पुरुषाकडून बाईकडे हा विषाणू जास्त सहज जातो, कारण बाईच्या अंगातला नाजूक त्वचेचा भाग मोठा असतो आणि वीर्य तिथे जास्त वेळ राहतं. आधीच जखम, सूज असेल तर धोका वाढतो. आणि अंगावरून जातंय हे आपल्या बायका कुणाला सांगतात? वर्षानुवर्षं अंगावर काढतात. फार लहान वयात लग्न झालं असेल तर शरीर पुरतं तयारही नसतं. दुसरी वाट रक्ताची. बाळंतपणात रक्त जास्त गेलं, अंगात रक्त कमी आहे, म्हणून बाटली चढवायची वेळ बायकांवर पुष्कळदा येते. १९८९ पासून रक्तपेढ्यांत एचआयव्हीची तपासणी सक्तीची झाली आणि सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. ती वाट त्यानंतर बरीच बंद झाली.

आता गरोदर बाईकडे येऊ. इथे आम्ही जरा जास्त वेळ थांबणार आहोत.

काहीच उपाय केला नाही तर पॉझिटिव्ह आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. नीट उपचार मिळाले तर ती पाच टक्क्यांच्या खाली येते. १९९४ साली अमेरिका-फ्रान्समध्ये एझेडटी या औषधाचा फायदा दिसला. १९९९ मध्ये युगांडात कळलं की नेव्हिरापिनची एक गोळी आईला कळा सुरू झाल्यावर आणि थोडं सिरप बाळाला जन्मल्यावर, एवढ्यानेही लागण जवळपास निम्म्यावर येते. स्वस्त, सोपं. आपल्या देशात आधी अकरा मोठ्या रुग्णालयांत एझेडटी देऊन पाहिलं, मग नेव्हिरापिन घेतलं आणि कार्यक्रम देशभर नेला. हजारो मुलं वाचली. याबद्दल दुमत नाही.

पण या गोष्टीकडे आईच्या बाजूने पाहा. एखादी बाई धरून चाला, नाव नको. वय एकवीस, पहिलं बाळंतपण, नाव घालायला सरकारी दवाखान्यात गेली. रक्त घेतलं. रिपोर्ट आला. घरात तोवर कुणाचीच तपासणी झालेली नाही, नवऱ्याची तर नाहीच, कारण पुरुषाला रक्त तपासायला लावणारा असा कोणताच प्रसंग आयुष्यात येत नाही. बाईला मात्र येतो. म्हणून घरात पहिली पॉझिटिव्ह ती. आणि जी पहिली सापडली तिनेच आजार आणला, हा आपल्या समाजाचा न्याय. सासू म्हणते, आमच्या पोराला तर काही नव्हतं. पोराचं रक्त कधी तपासलं होतं, हे कुणी विचारत नाही. दोन-तीन वर्षांनी तो खोकायला लागतो, टीबी निघतो, तोपर्यंत ठरलेलं असतं की पांढऱ्या पायाची आली. बाळाला वाचवणारी तपासणी आईच्या गळ्यात आरोपाची पाटी होऊन बसली, ती अशी.

आणि औषधाचं काय? ती जी एक गोळी होती, ती बाळासाठी होती. आईच्या स्वतःच्या आजारावर तिचा उपयोग शून्य. उलट एका गोळीने विषाणू शरीरात त्या औषधाला सरावतो. पुढे बोत्सवानातल्या अभ्यासात दिसलं की बाळंतपणानंतर सहा महिन्यांच्या आत त्याच औषधाचा पूर्ण उपचार सुरू केला तर तो आईला कमी लागू पडतो. बाळासाठी घेतलेल्या गोळीची किंमत आईच्या पुढच्या उपचाराने मोजली. डॉ. अॅलन रोझेनफिल्ड यांनी २००१ साली विचारलं होतं की आईकडून बाळाला होणारी लागण रोखायच्या या सगळ्या योजनेत आई कुठे आहे? असाच प्रश्न त्यांनी १९८५ मध्ये माता-बाल आरोग्याच्या कार्यक्रमांबद्दल विचारला होता. सोळा वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागला.

आईला आईसाठी औषध कधी मिळालं, याच्या तारखा पाहू. तीन औषधांचा उपचार १९९६ पासून जगात होता, पण वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर खर्च. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि सगळं गणित बदललं. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी सुरू केली, सहा राज्यांत आणि दिल्लीत. महाराष्ट्र त्यात होता, मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी. अग्रक्रमाच्या यादीत गरोदरपणात सापडलेल्या आयांचं नाव वर होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण औषध सुरू करायला सीडी-४ पेशी २०० च्या खाली जायला हव्यात अशी अट होती. म्हणजे आधी पुरेशा आजारी पडा. पुढे ती मर्यादा ३५० वर आली. प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला, पेशी कितीही असोत, जन्मभराचा उपचार, हे धोरण आलं २०१४ साली. सगळ्यांनाच सापडल्याबरोबर औषध, हे २०१७ मध्ये.

दुधाचा प्रश्न तर आणखी अवघड. आईच्या दुधातून लागण होऊ शकते, म्हणून त्या काळात सल्ला असा होता की वरचं दूध स्वीकारार्ह, शक्य, परवडणारं, कायम मिळणारं आणि सुरक्षित असेल तर अंगावर पाजू नका. वाचायला सुंदर वाक्य. आता हे एखाद्या वस्तीत आणा. पाणी एक दिवसाआड, डब्याच्या दुधाला पैसे नाहीत, आणि बाळंतिणीच्या खाटेभोवती चार बायका बसलेल्या. 'काय गं, पाजत का नाहीस?' याला उत्तर काय द्यायचं? पाजलं तर बाळाची भीती, नाही पाजलं तर सगळ्या गावाला आजार कळतो आणि बाळ जुलाबाने जातं ते वेगळंच. २०१० नंतर जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला बदलला. आईने औषध घेत राहावं आणि बाळाला पाजावं. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं, वरचं पाणीसुद्धा नको. जो सल्ला आधी आईला उघडं पाडायचा, तो बदलला तेव्हा आईला झाकलंही गेलं आणि बाळही जगलं.

औषधांच्या त्रासातही बाई-पुरुष फरक होता. नेव्हिरापिनमुळे यकृताला सूज येण्याचा धोका पेशी २५० च्या वर असलेल्या बायकांमध्ये जास्त. एझेडटीने रक्त कमी होतं, आणि आपल्या बायकांच्या अंगात ते आधीच कमी. स्टॅव्ह्युडिनने गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे. आजार लपवून ठेवलेल्या बाईला तिचा चेहराच बोलून टाकायचा. ते औषध नंतर मागे पडलं.

नवरा गेल्यावरचं आम्ही थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि ऐकवणार नाही असं जास्त आहे. २००६ मध्ये सहा राज्यांत, महाराष्ट्र धरून, एक मोठी पाहणी झाली. पॉझिटिव्ह विधवांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जणी सासरी राहत नव्हत्या. ७९ टक्के जणींना नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा नाकारला होता. बहुतेक घरांत नवऱ्याच्या औषधाला शेत गेलेलं, दागिने गेलेले. त्याची सेवा तिने केलेली. तिची पाळी येईपर्यंत घरात विकायला काही उरलेलं नसे. आरोग्याचा विषय चालू असताना सातबारा कुठून आला, असं वाटेल. पण ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही ती दर महिन्याला एआरटी केंद्रावर जायचं एसटीचं भाडं कुणाकडे मागणार? मजुरी बुडते ती वेगळीच.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यातलं २९ वं कलम लिहून घ्या. पॉझिटिव्ह व्यक्तीला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, तिला तिथून काढता येत नाही, घरातल्या सोयी वापरण्यापासून अडवता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. आणि एक बारकावा फार विचार करून घातलेला आहे. डॉक्टर जोडीदाराला आजाराची माहिती देऊ शकतात, पण त्यामुळे, विशेषतः बाईच्या बाबतीत, मारहाण होईल किंवा तिला टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर त्यांनी सांगायचं नाही. हे वाक्य कायद्यात यायला किती सुनांना घराबाहेर पडावं लागलं असेल, ते कुठल्या दप्तरात सापडणार नाही.

मघाशी त्या कॅन्सरकडे परत येऊ म्हटलं होतं. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो. औषधामुळे आता या बायका जगताहेत, पन्नाशी-साठी गाठताहेत. टीबीने, जुलाबाने जाणाऱ्या बायका वाचल्या, आणि हा हळू वाढणारा कॅन्सर समोर आला. गंमत अशी की त्यावरचा जगातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच मराठवाड्यात झाला. उस्मानाबाद, आताचं धाराशिव, आणि बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल. तिथल्या ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन. २००९ मध्ये निकाल छापला. एकदाच एचपीव्हीची तपासणी केली तरी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. ज्या गटाची तपासणीच केली नाही त्याचं काय, यावरून पुढे वादही झाला आणि तो रास्त होता. तरी निष्कर्ष आपल्याच बायकांच्या अंगावर सिद्ध झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटना आता सांगते की एचआयव्ही असलेल्या बाईची ही तपासणी तिशीची वाट न पाहता पंचविसाव्या वर्षापासून, आणि दर तीन ते पाच वर्षांनी करा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीलाही २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. पोरींना ती लग्नाच्या पुष्कळ आधी द्यायची असते.

२०२१ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत, त्यातल्या साधारण ४५ टक्के बायका. राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर, ३ लाख ९४ हजार. नवी लागण खूप कमी झाली आहे. आता एआरटी केंद्रावरच्या पुष्कळ बायका पंधरा-वीस वर्षं गोळ्या घेताहेत. त्यांची पाळी जायला लागली आहे, हाडं दुखताहेत, आणि हे वयाचं, आजाराचं की गोळ्यांचं, हे विचारायला त्या कुणाकडे जाणार, हा आजचा प्रश्न आहे.

वेळ संपत आली. तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते, नाव गुप्त राहतं. फोनवर विचारायचं तर १०९७ हा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. आता प्रश्न घेऊ. तोंडी विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठी पाठवा, नाव लिहू नका. मागच्या पोरांनी चिठ्ठ्या गोळा करा, आणि उघडून वाचू नका हं. (हशा) पहिली चिठ्ठी आली आहे. विचारलंय, 'नवरा रक्त तपासायला तयार नसेल तर बाईने एकटीने तपासलं तर चालतं का?' चालतं. पण रिपोर्ट कुणाला आणि कधी दाखवायचा, हे तिने आधी तिथल्या समुपदेशक बाईंशी बोलून ठरवावं. घरी जाण्याआधी.